टिग वेल्ड काळा पडतोय, भोकं येतायत? गॅस वाढवण्याआधी टॉर्चचं तोंड उघडून बघा

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात डेअरी आणि साखर कारखान्यांच्या स्टेनलेस कामामुळे आर्गन (टिग) वेल्डिंगचे सेट गल्लोगल्ली आहेत. त्यांची दुरुस्ती करताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "मशीन बिघडलंय, वेल्ड काळा येतोय." बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. टिगमध्ये टंगस्टनच्या दांडीतून आर्क निघतो आणि टॉर्चमधून येणारा आर्गन गॅस वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो; हे झाकण फाटलं की वेल्ड काळा येतो. दोष टॉर्चच्या पुढच्या चार इंचांत, नाहीतर सिलिंडरपासून तिथपर्यंतच्या नळीत सापडतो. आणि मी पोहोचेपर्यंत कुणीतरी फ्लोमीटरचा (गॅस किती वाहतो ते दाखवणाऱ्या मापकाचा) नॉब पिळून गॅस दुप्पट केलेला असतो, त्यामुळे वेल्ड आणखी बिघडलेला असतो.

लक्षणं

- ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसवर वेल्ड चकचकीत किंवा फिकट सोनेरी न येता करडा, राखाडी, काळा येतो.
- टंगस्टनचं टोक निळं-जांभळं किंवा काळं पडतं. जास्त बिघडलं असेल तर त्यावर पिवळट भुकटी दिसते.
- अॅल्युमिनियमवर आर्क तडतडतो, कडेला काजळी जमते आणि वेल्ड घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.
- वेल्डचा पहिला अर्धा इंच खराब, पुढे साफ.
- सकाळचे पहिले एक-दोन वेल्ड खराब, मग ठीक.
- सपाट पत्र्यावर उत्तम, पण कोपऱ्यात टंगस्टन जरा बाहेर काढलं की बोंब.

शेवटच्या तीन लक्षणांकडे जास्त लक्ष द्या. वेल्ड दिसतो कसा यापेक्षा तो कधी बिघडतो यावरून दोष लवकर सापडतो.

एक गोष्ट इथेच बाजूला काढतो. वरून वेल्ड छान आणि पाइपाच्या आतून मात्र काळा, दाणेदार, असं असेल तर ही पोस्ट त्यासाठी नाही. तो आतल्या पर्जिंगचा, म्हणजे पाइपात आर्गन भरून आतली हवा काढण्याचा, प्रश्न आहे. टॉर्चवर कितीही महागडी गॅस लेन्स (गॅस सरळ सोडणारा जाळीदार भाग) चढवा, पाइपाच्या आत तिचा गॅस पोहोचत नाही.

१. आधी ठरवा: दोष गॅसचा की मालाचा?

स्टेनलेसचा स्वच्छ तुकडा घ्या. फक्त स्टेनलेससाठी ठेवलेल्या ब्रशने घासा आणि अॅसिटोनने पुसून वाळू द्या. ब्रेक क्लीनरसारखे क्लोरीनवाले स्प्रे अजिबात वापरू नका. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यांच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

आता फिलर (भरायची रॉड) न लावता एकाच जागी आर्क धरून नाण्याएवढं डबकं वितळवा, आर्क बंद करा आणि गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथेच धरून ठेवा. डबकं चकचकीत थंड झालं तर गॅस बरा आहे, मग रॉडवरचं तेल, पत्र्यावरचा गंज, काळ्या लोखंडावर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील याचा शोध घ्या. त्यावर करडा मळकट थर आला तर दोष गॅसचा. ही चाचणी न करता सुटे भाग बदलत सुटलात तर पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

२. वारा

फुकटची तपासणी, म्हणून वरच्या क्रमांकावर. पंखा बंद करा, शटर ओढून घ्या, वेल्ड मारून बघा. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असतो, पण त्यामुळे तो जागेवर टिकतो असं समजू नका. कपातून (टॉर्चच्या पुढच्या सिरॅमिक तोंडातून) येणारी धार इतकी मंद असते की उन्हाळ्यात लावलेल्या मोठ्या पंख्याची झुळूक तिला सहज फोडते. एक जागा हमखास कुणाच्या लक्षात येत नाही: इन्व्हर्टर मशीनचा स्वतःचा कूलिंग फॅन. मशीन टेबलाखाली ठेवलेलं असतं आणि त्याची गरम हवा थेट जॉबवर येत असते.

३. फ्लो किती, आणि कपाचा नंबर किती?

कपावरचा नंबर म्हणजे तोंडाचा आतला व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात. ५ नंबर म्हणजे साधारण ८ मिमी, ६ म्हणजे ९.५, ७ म्हणजे ११ आणि ८ म्हणजे १२.७ मिमी. फ्लो या तोंडाच्या मापात लागतो. ५ नंबरला मिनिटाला ५ ते ७ लिटर, ७-८ नंबरला ८ ते १२, आणि गॅस लेन्सच्या १२ नंबरच्या रुंद कपाला १२ ते १७ लिटर, इथून सुरुवात करा.

५ नंबरच्या कपात २० लिटर सोडला की काय होतं? नळाला बोट लावून पाणी दाबलं की ते फवारतं, तसाच गॅस फवारतो. धार सरळ न राहता तिच्यात भोवरे उठतात आणि हे भोवरे बाजूची हवा आत ओढतात. म्हणजे गॅस जास्त, संरक्षण कमी, शिवाय सिलिंडर लवकर संपतो. काळा वेल्ड दिसला की फ्लो वाढवण्याआधी एकदा कमी करून बघा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे.

फ्लोमीटर उभा, ओळंब्यात हवा. तो तिरका झाला तर आतली गोळी काचेला घासते आणि खोटं रीडिंग दाखवते. गोळीच्या मध्यावर वाचा, आणि काचेवर दोन पट्ट्या छापलेल्या असतील तर आर्गनची वाचा. गोळीऐवजी दुसऱ्या घड्याळावर लिटर दाखवणारे रेग्युलेटर स्वस्त मिळतात. ते खरं तर दाब मोजतात आणि आतल्या ठरावीक छिद्रावरून लिटरचा अंदाज दाखवतात. पुढे नळी दबली किंवा टॉर्च तुंबला तरी त्यांचा काटा जागचा हलत नाही. शक्य असेल तर गोळीवालाच घ्या.

४. पोस्ट-फ्लो आणि हाताची सवय

टंगस्टन निळं-जांभळं आहे पण वेल्ड बरा आहे, असं असेल तर आर्क थांबल्यावरचा गॅस, म्हणजे पोस्ट-फ्लो, लवकर बंद होतोय. ढोबळ हिशेब असा: दर १० अँपिअरला १ सेकंद, आणि छोट्या करंटलाही ८ सेकंदांच्या खाली नको. लाल झालेलं टंगस्टन गॅसच्या आच्छादनातच थंड झालं पाहिजे, तसाच वेल्डचा शेवटचा थेंबही. त्यामुळे आर्क तुटताच टॉर्च झटकन उचलायची सवय मोडा.

टॉर्चवरच गॅसचा नॉब असलेल्या लहान सेटवर पोस्ट-फ्लो बहुधा नसतोच, तो हाताने द्यावा लागतो. आर्क तुटल्यावर मनात आकडे मोजा आणि मग नॉब फिरवा. टॉर्च फार आडवा धरू नका, उभ्यापासून १५-२० अंश पुरे. त्याहून आडवा केला की मागच्या बाजूने हवा शिरते.

५. अंगठ्याची चाचणी

मशीनवर गॅस तपासायचं बटण असेल तर ते दाबा, म्हणजे आर्कची वीज चालू न होता फक्त गॅस येईल. नॉबवाला टॉर्च असेल तर मशीन बंद करून नॉब उघडा. टॉर्चचा ट्रिगर दाबून ही चाचणी करू नका, आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सीचा झटका बसेल. टंगस्टन आत ओढून घ्या किंवा काढून बॅक कॅप (टॉर्चच्या मागचं टोपण) परत लावा, आणि थंड कपाचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा.

फ्लोमीटरची गोळी हळूहळू खाली बसून शून्यावर थांबली तर वाट गळकी नाही. गोळी तरंगतच राहिली तर फ्लोमीटर आणि अंगठा यांच्यामध्ये कुठेतरी गॅस निसटतोय. जिथून गॅस बाहेर जातो तिथूनच वाहत्या गॅसबरोबर हवा आत ओढली जाऊ शकते, म्हणून थोडी गळतीही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आता गळती टॉर्चमध्ये की नळीत, हे पाहायचं. टॉर्चची केबल मशीनपासून सोडवा आणि मशीनच्या गॅस आउटलेटवर अंगठा धरून तेच करा. आता गोळी खाली बसली तर दोष टॉर्चचा.

६. टॉर्चचं तोंड: सगळ्यात जास्त दोष इथे

मशीन बंद करा, टॉर्च थंड होऊ द्या आणि सगळे भाग कापडावर मांडा.

*बॅक कॅपची ओ-रिंग.* मागून सुरुवात करा, कारण तिकडे कुणी बघत नाही. उष्णतेने ही रबरी रिंग चपटी होते, कडक होते, तडकते, आणि टॉर्चच्या पाठीमागून हवा थेट आर्गनमध्ये मिसळते. रिंग एका चहाच्या पैशांत मिळते. शंका आली की बदला. ग्रीस फासून वेळ मारून नेऊ नका, गरम झाल्यावर त्याची वाफ गॅसमध्येच येते. नॉबवाल्या टॉर्चमध्ये नॉबच्या दांड्यावरही अशीच रिंग असते.

*कप.* सिरॅमिकला केसासारखी चीर पडली तरी धार बिघडते. तोंडाची कड तुटली असेल तर त्या बाजूचा वेल्ड काळा दिसेल. वेल्ड नेहमी एकाच बाजूने काळा येत असेल तर आधी कप फिरवून बघा. डागही फिरला तर दोषी सापडला.

*कोलेट आणि कोलेट बॉडी.* म्हणजे टंगस्टन धरणारी चिमटी आणि तिचं घर. दोन्ही टंगस्टनच्या मापाचीच हवीत. २.४ मिमीच्या कोलेटमध्ये १.६ मिमीचं टंगस्टन कसंबसं बसवलं की ते मध्यावर राहत नाही आणि गॅसचा पडदा एकीकडे पातळ होतो. साध्या कोलेट बॉडीला कडेने बारीक छिद्रं असतात. गॅस त्यातून आडवा निघून कपाच्या भिंतीवर आपटतो आणि मग खाली वळतो, त्यामुळे तिची धार मुळातच थोडी अस्वस्थ असते. एखादं छिद्र बुजलं की ती तिरकी होते.

*गॅस लेन्स.* हिच्यात कडेच्या छिद्रांऐवजी स्टेनलेसच्या बारीक जाळ्यांचे थर असतात. त्यातून गाळून निघालेला गॅस सरळ, शांत उतरतो आणि लांबपर्यंत विस्कटत नाही. साध्या बॉडीवर टंगस्टन कपाबाहेर ५-६ मिमी काढलं की मर्यादा येते. गॅस लेन्स आणि रुंद कप असेल तर २० मिमीपर्यंत काढूनही झाकण टिकतं. कोपऱ्यातला सांधा, पाइपाचं वळण, फ्लॅंजच्या आतली बाजू अशा ठिकाणी फरक लगेच दिसतो. स्टेनलेस पाइपाचं काम रोज असेल तर गॅस लेन्स घ्याच. जाड अॅल्युमिनियमचं काम असेल तर घाई नको, तिथे वितळलेले थेंब उडून जाळी बुजते आणि साधी बॉडी निभावून नेते.

जाळी भिंगाखाली बघा. काळी पडलेली, थेंब चिकटलेली, टंगस्टनभोवती फाकलेली असेल तर फेकून द्या. सुईने टोकरून साफ केलेली जाळी ही फाटलेली जाळी असते. अगदी स्वस्तातल्या लेन्समध्ये जाळ्या नव्या असतानाच सैल किंवा वाकड्या बसवलेल्या पाहिल्यात, म्हणून दुकानातच उजेडाकडे धरून बघून घ्या.

*इन्सुलेटर.* या पांढऱ्या रिंगकडे आवर्जून बघा. १७, १८ आणि २६ नंबरच्या टॉर्चवर साध्या कपासाठी एक रिंग असते (भाग क्रमांक १८सीजी), आणि नेहमीच्या मापाच्या गॅस लेन्ससाठी वेगळी (५४एन०१). लोक गॅस लेन्स आणतात, तिचा कप आणतात, आणि रिंग जुनीच ठेवतात. कप वर चढतो, हाताला घट्टही वाटतो, पण त्याची मागची कड रिंगवर नीट टेकत नाही. त्या फटीतून हवा आत शिरते आणि "गॅस लेन्स लावल्यावर वेल्ड उलट बिघडला" अशी तक्रार येते. लेन्स, कप आणि रिंग एकाच जोडीचे घ्या. बसवल्यावर कप डुगडुगला नाही पाहिजे आणि मागे फट दिसली नाही पाहिजे.

९ आणि २० नंबरचे छोटे टॉर्च हे वेगळं घराणं. त्यांचे कप आणि बॉडी १७-२६ वाल्यांना चालत नाहीत. दुकानात जाताना जुना भाग खिशात घेऊन जा.

७. नळी आणि जोड

फ्लोमीटरपासून मशीनच्या मागच्या जोडापर्यंत साबणाचं पाणी लावा, बुडबुडे शोधा. क्लिप सैल असेल तर घट्ट करा, नळीचं टोक तडकलं असेल तर इंचभर कापून पुन्हा बसवा. सिलिंडरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे गॅस आटे अडवत नाहीत, टेकणारा भाग अडवतो, आणि टेपचे तुकडे रेग्युलेटरमध्ये जातात.

सकाळचे पहिले वेल्ड खराब येण्याचं कारण बहुधा नळीतच असतं. आतला आर्गन कोरडा ठणठणीत, बाहेरची हवा दमट. आतला दाब जास्त असूनही पाण्याची वाफ रबराच्या भिंतीतून आत झिरपते, कारण वाफेपुरतं पाहिलं तर आत ती जवळजवळ नसतेच. रात्रभर नळीत साठलेला ओलावा सकाळी पहिल्या वेल्डवर येतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे जास्त दिसतं. सकाळी काम सुरू करण्याआधी मिनिटभर गॅस सोडा, आणि घरगुती गॅसची किंवा पाण्याची नळी लावली असेल तर ती काढून वेल्डिंगच्या निष्क्रिय गॅससाठीची चांगली नळी, गरजेपुरत्याच लांबीची, लावा.

सुरुवातीचा अर्धा इंच खराब येत असेल तर दोन कारणं बघा. एक, प्री-फ्लो, म्हणजे आर्कच्या आधी सुटणारा गॅस, शून्यावर आहे. तो अर्धा ते एक सेकंद ठेवा. दोन, मशीनचा व्हॉल्व्ह बंद असताना लांब नळीत दाब साठतो आणि ट्रिगर दाबताच गॅस फुस्सकन उसळतो. ती उसळीही हवा ओढते. प्री-फ्लो थोडा वाढवला की आर्क पेटेपर्यंत ती ओसरते.

८. सिलिंडर

आधी लेबल वाचा. मिग (तार सरकवून करायच्या) वेल्डिंगसाठीचा आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस चुकून जोडला तर टंगस्टन काही क्षणांत जळतं. शुद्ध आर्गन ९९.९९५ टक्के किंवा त्याहून वरचा हवा. दाब १० बारच्या खाली गेला असेल तर नाजूक काम त्या सिलिंडरवर करू नका, तळाच्या गॅसमध्ये ओलाव्याचं प्रमाण वाढतं. खात्रीची परीक्षा एकच: शेजाऱ्याचा चांगला चालणारा सिलिंडर जोडून पहिल्या मुद्द्यातली डबक्याची चाचणी पुन्हा करा. सिलिंडर मी इतका खाली ठेवला कारण शिव्या त्याला सगळ्यात आधी पडतात आणि दोष क्वचित निघतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

*मशीनचं झाकण उघडायची वेळ आली तर.* ट्रिगर सोडल्यावरही गॅस येत राहतो, किंवा दाबल्यावर येतच नाही, तर आतला विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. हे काम दुरुस्तीवाल्याचं.

*टॉर्चच्या केबलमध्ये मधेच गळती.* हवेने थंड होणाऱ्या बऱ्याच टॉर्चमध्ये तांब्याची तार आणि गॅस एकाच नळीतून जातात. तिथे टेप गुंडाळणं म्हणजे करंट वाहणाऱ्या तारेवर ठिगळ. केबल बदला.

*पाण्याने थंड होणारा टॉर्च.* अंगठ्याची चाचणी पास, सिलिंडर चांगला, तरी अॅल्युमिनियमवर भोकं थांबत नाहीत, तर टॉर्चच्या डोक्यात पाणी गॅसच्या वाटेत झिरपत असेल. ते घरी दुरुस्त होत नाही.

*रेग्युलेटर किंवा सिलिंडरचा व्हॉल्व्ह.* नॉब सैल करूनही रेग्युलेटरचा दाब चढत जात असेल तर तो लगेच बंद करून बाजूला ठेवा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळत असेल तर पाना लावू नका. सिलिंडर मोकळ्या हवेत उभा बांधून ठेवा आणि पुरवठादाराला बोलवा.

*टाकीच्या किंवा टँकरच्या आतलं काम.* आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि जड असल्यामुळे तो तळाशी साठतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की आत जायचं नाही, आणि हे मीटरनेच कळतं. बाहेर माणूस आणि आत हवा खेळवण्याची सोय असल्याशिवाय उतरू नका. आतला माणूस कोसळला तर त्याच्या मागे तसंच उतरू नका, वाचवायला गेलेलेही असेच जातात.

*दुधाच्या किंवा औषधाच्या लाइनवर आधीच झालेले काळे सांधे.* पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून चकचकीत केले की झालं, असं नाही. पेस्टने रंग जातो, आतली भोकं तशीच राहतात. असे सांधे तपासनिसाला दाखवा आणि तो सांगेल ते कापा.

दुरुस्तीवाल्याला फोन करताना टॉर्चचा नंबर, कपाचा नंबर, गॅस लेन्स आहे की साधी बॉडी, फ्लो, करंट, अंगठ्याच्या चाचणीत गोळी बसली की नाही, आणि वेल्ड नेमका कधी बिघडतो हे सांगा. डबक्याचा आणि टंगस्टनच्या टोकाचा फोटो पाठवा. फोटो टंगस्टन घासण्याआधी काढा.